समुद्र दाखवायचा तर वाघूरपासून सुरुवात कर

भाऊ, जळगावात सागरी वारशाचं प्रदर्शन लावतोयस, फार आनंद झाला. फक्त नांगर न् होकायंत्रापासून सुरू करू नकोस; इथल्या पोरांना ते परकं वाटतं. अजिंठ्याच्या 2 क्रमांकाच्या लेण्यातलं जहाज मोठं करून दारातच लाव. तीन डोलकाठ्या, उभट शिडं, रांगेनं ठेवलेले रांजण. त्यात काय असेल, हे मुलांनाच विचार. लांबच्या सफरीत गोडं पाणी किती जपावं लागे, ते बोलता बोलता निघतंच.

शेजारी नकाशा. याच लेण्यांसमोरून वाघूर वाहते, पुढे तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. खानदेशचं कापडही एकेकाळी सुरतेच्या बंदरातूनच बाहेर जाई. वाघुरीत टाकलेल्या प्लास्टिकच्या पिशवीची वाटही तीच, हे मुलांना बोट फिरवून कळू दे. माझ्या मते प्रदर्शनाचा जीव या नकाशातच आहे, त्याला अख्खी भिंत दे.

देवमासे, कासवांची चित्रं थोडकीच ठेव. त्यापेक्षा तापीकाठचा एखादा जुना भोई बोलव. पूर्वी जाळ्यात काय यायचं, आता काय येतं, ते त्याच्याच तोंडून ऐकवायचं. जाळं मुलांना हाताळू दे. आणि त्याचं मानधन आधीच ठरव, फुकट बोलावू नकोस.