कोंबडा की कोंबडी, हे ऊब ठरवते का?

प्रश्न : आम्ही हिंगणा रोडला राहतो, घरी आठ-दहा गावरान कोंबड्या आहेत. मे महिन्यात एक छोटी अंडी उबवायची मशीन आणली, ३० अंडी ठेवली, १९ पिल्लं निघाली आणि मोठी झाल्यावर पाहतो तर त्यातले १२ कोंबडे! आजी म्हणते उन्हाळ्याच्या अंड्यातून कोंबडेच जास्त निघतात, गरमीनं नर होतो. मुलगा कॉलेजात आहे, तो म्हणतो ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलपण हेच सांगून गेला. मग खरं काय आहे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आधी कोंबड्यांचं सांगून टाकतो म्हणजे जीव भांड्यात पडेल. नाही, ऊब ठरवत नाही. कोंबडीच्या बाबतीत नर की मादी हे अंडं घातलं जायच्या आधीच, आईच्या पोटात ठरलेलं असतं, आणि ठरतं तेही आईकडून आलेल्या गुणसूत्रावर, कोंबड्याकडून आलेल्या नाही. १९ मध्ये १२ कोंबडे हा नुसता योगायोग, नाणं १९ वेळा उडवलं तरी असं सहज होतं. पुढच्या खेपेला उलटं होऊ शकते.

पण आजी आणि मुलगा जे म्हणून राहिले ते वेडगळ म्हणून सोडून देऊ नका, कारण त्यामागे अडीच हजार वर्षांचा विचार आहे.

अ‍ॅरिस्टॉटलने (इ.स.पू. ३८४ ते ३२२) प्राण्यांच्या जननावर एक अख्खा ग्रंथ लिहिला आणि त्याचा कणा म्हणजे उष्णता. त्याचा शब्द आहे पेप्सिस, म्हणजे शिजणं, पिकणं, पचणं. आपल्या पच् धातूचा हा सख्खा भाऊबंद, पाक, पक्व, पचन सगळे त्याच घरातले. म्हणून मराठी माणसाला ही कल्पना लगेच कळते. खाल्लेलं अन्न शरीराच्या आतल्या उबेवर शिजतं आणि त्याचं रक्त होतं, रक्त आणखी शिजलं की वीर्य होतं. त्याच्या मते नर जास्त उष्ण म्हणून तो शेवटपर्यंत शिजवू शकतो, मादी थंड म्हणून तिचं काम रक्तावरच थांबतं, ते मासिक पाळीचं रक्त. मग गर्भ कसा बनतो, तर अंजिराचा चीक दुधात पडला की दूध जसं घट्ट धरतं तसं. चीक दुधात भर घालत नाही, दुधाला आकार देतो. नराचं बीजही तसंच, तो म्हणतो, घडवणारं ते आणि सामान आईचं. दह्याला विरजण लावणाऱ्या कोणालाही हे पटलं असतं, म्हणूनच इतकी शतकं टिकलं असावं.

त्याच्या आधी एम्पेडोक्लिस नावाचा ग्रीक विचारवंत म्हणत होता की गर्भाशय गरम असेल तर मुलगा, थंड असेल तर मुलगी. आजीचं म्हणणं खरं तर याच्याशी जास्त जुळतं. आणि अ‍ॅरिस्टॉटलनेच ते खोडून काढलं, प्राणी चिरून पाहिले तर नर आणि मादी अशी जुळी गर्भाशयाच्या एकाच भागात सापडतात, मग उबेचा फरक कुठे राहिला? किती साधा आणि पक्का मुद्दा आहे. पण हाच निकष त्याने स्वतःच्या ‘मादी थंड’ या म्हणण्याला लावला नाही, उलट मेंढपाळांचं ऐकून लिहिलं की उत्तरेचा वारा असताना नर जास्त होतात आणि दक्षिणेचा असताना माद्या. पार्मेनिडीस हा आणखी एक ग्रीक विचारवंत तर त्याच्याही आधी म्हणून गेला होता की बायकाच जास्त उष्ण असतात, कारण त्यांच्यात रक्त जास्त. आणि आपल्याकडे सुश्रुतसंहिता काय म्हणते, शुक्र (वीर्य) सौम्य म्हणजे थंड आणि आर्तव (पाळीचं रक्त) आग्नेय म्हणजे उष्ण! म्हणजे रस, रक्त करत करत शेवटी शुक्र होतं ही साखळी अ‍ॅरिस्टॉटलसारखीच, पण उष्णता मात्र बाईच्या पदरात. पुरुष गरम आणि बाई थंड हे कोणी थर्मामीटर लावून ठरवलेलं नव्हतं, आधी मोठा-छोटा ठरवला आणि मग उष्णता वाटून दिली, असं माझं स्पष्ट मत आहे. यातून बायकांना ‘अपुरा पुरुष’ ठरवलं गेलं आणि ते पुढे फार काळ चाललं, याचा मला राग येतो.

आणि वीर्य उबेवर शिजतं म्हणाल तर उलटंच आहे. माणसाचे वृषण शरीराच्या बाहेर लटकतात ते थंड राहावे म्हणूनच, शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी. तिथे गरमी वाढली की शुक्राणू बिघडतात.

उबेने नर-मादी ठरते असे प्राणी आहेत बरं का, १९६६ मध्ये एका सरड्यात हे पहिल्यांदा दिसलं. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर जी समुद्री कासवं अंडी घालतात त्यांच्यात वाळू जास्त तापली की माद्या निघतात. माद्या! अ‍ॅरिस्टॉटलच्या बरोबर उलट.

एक गोष्ट मात्र त्याची आजही घरी करून पाहता येते. त्याने कोंबडीची अंडी वेगवेगळ्या दिवशी फोडून पाहिली आणि लिहिलं की तीन दिवस-रात्रींनंतर पांढऱ्यात रक्ताच्या ठिपक्याएवढं हृदय दिसतं आणि ते जिवंत असल्यासारखं धडधडतं. तुम्ही फोडू नका, चौथ्या-पाचव्या रात्री खोलीत अंधार करून अंड्याच्या जाड टोकाला मोबाईलचा टॉर्च टेकवा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतील आणि नशीब असेल तर मधे हलणारा ठिपका.

तुमची ११ अंडी वाया गेली त्याचं कारण मला उन्हाळा वाटतो. आत हवा फिरवणारा पंखा असलेल्या मशीनमध्ये साधारण ३७.५ अंश लागतं, आणि नागपुरात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत मशीनच्या बाहेरच ४५ असलं तर मशीनचा हिटर बंद होऊनही आतलं तापमान चढतं, मशीनला थंड करता येत नाही ना. मशीन घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा, कूलरची हवा थेट लागू देऊ नका, आणि १८ दिवस झाले की अंडी फिरवणं बंद करा.