बेकारी भत्ता मिळाला की माणूस नोकरी शोधायचं सोडतो, हे खरं का?

थोडंसं खरं, पण 'आळशी होतो' हे उत्तर फार स्वस्त आहे. हंगेरीचं उदाहरण बघा. तिथे 2005 पर्यंत भत्ता 270 दिवस सपाट, म्हणजे शेवटपर्यंत एकाच दराने, होता. नोव्हेंबर 2005 पासून पहिले 90 दिवस जास्त आणि पुढचे 180 दिवस कमी असं केलं. एकूण रक्कम साधारण तेवढीच. आता निव्वळ हिशेबी माणसाने 270 दिवस उलटल्यावर दोन्ही पद्धतींत सारखंच वागायला हवं, कारण तिथून पुढे मिळणारा पैसा सारखाच. तसं झालं नाही. जुन्या पद्धतीतले लोक 270 दिवसांनी मोठ्या संख्येने कामाला लागले. नव्या पद्धतीत ही उसळी बरीच छोटी होती, कारण त्यांना एव्हाना कमी पैशांची सवय झाली होती. म्हणजे टोचते ती गरिबी कमी आणि कालच्यापेक्षा खाली येणं जास्त. अर्थशास्त्रज्ञ डेलाविन्या आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2017 चा.

पण शोधणारा कितीही धडपडला तरी पलीकडे नोकरी देणारा बसलेला असतो. अमेरिकेत संशोधकांनी सुमारे 12,000 बनावट बायोडेटा कंपन्यांना पाठवले, तेव्हा बेकारीचा काळ जितका लांब, तितके मुलाखतीचे फोन कमी आले; घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत. पात्रता तीच, फक्त नोकरीतला खंड मोठा. आपल्याकडे तर नुसतं आडनाव पुरतं: संशोधक थोरात आणि अ‍ॅटवेल यांच्या 2007 च्या अभ्यासात दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना तेवढ्याच शिक्षणावर कमी बोलावणी आली. मग भत्ता कापून कोणाला 'कामाला लावणार'?