गच्चीवरच्या रोमा टोमॅटोची पानं दरवेळी वळून झाड खुंटतं. प्युरीसाठी रोगप्रतिकारक जात कोणती लावावी?

पाकिटावर नुसतं ‘रोगप्रतिकारक’ असून भागत नाही, कोणत्या रोगाला ते बघायचं. रोमा व्हीएफ ही जात व्हर्टिसिलियम आणि फ्युजेरियम या दोन बुरशीजन्य मर रोगांना दाद देत नाही. आपल्याकडे टोमॅटोचा घात करतो तो पांढऱ्या माशीने पसरणारा, पानं वळवणारा लीफ कर्ल विषाणू, आणि त्यापुढे रोमा हतबल.

आधी खात्री करा. खालची जुनी पानं आत वळली, पण हिरवी आहेत आणि शेंडा वाढतोय, तर तो उन्हाचा किंवा पाण्याचा ताण, सोडून द्या. शेंड्याची नवी पानं बारीक, सुरकुतलेली, कडेने पिवळी आणि पेरं आखूड असतील तर लीफ कर्ल. त्यावर औषध नाही. झाड उपटून पिशवीत बांधून फेका, ते ठेवलं तर माशी शेजारच्या कुंडीत रोग नेते.

माझी पसंती अर्का रक्षक. बेंगळुरूच्या आयआयएचआर या फलोद्यान संशोधन संस्थेचा हा संकर लीफ कर्ल, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देतो. फळ चौकोनी-गोल, 90 ते 100 ग्रॅमचं, गर जाड. रोमाइतकं कोरडं नाही, प्युरी थोडी जास्त आटवावी लागेल. बियाणं संस्थेच्या ऑनलाइन पोर्टलवर मिळतं. संकरित असल्यामुळे घरचं बी धरू नका, पुढच्या पिढीत गुण विस्कटतात. कोकण-गोव्यात तर जिवाणूजन्य मर रोगाला तोंड देण्याचा या जातीचा गुण मोलाचा. हिरवंगार झाड अचानक मान टाकतं तेव्हा बुंध्याजवळचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टांगा. काही मिनिटांत दुधासारखी धार उतरली की जिवाणूजन्य मर समजा. त्या मातीत पुन्हा टोमॅटो, वांगं, मिरची नको.

प्रतिकारक जातीलाही रोपाच्या वयात जपावं लागतं, कारण लागण जितकी लवकर तितकं नुकसान मोठं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) ट्रेमध्ये अर्धा सेंटीमीटर खोल बी टाका आणि 40 ते 50 मेशच्या (इंचाला इतकी छिद्रं असलेल्या) जाळीखाली 25 दिवस वाढवा. उन्हाळी लागवड टाळा: माशी वाढते, आणि पारा 35 अंशांवर गेला की फुलंही गळतात. एका रोपाला 20 लिटरची कुंडी. माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात, वर मूठभर निंबोळी पेंड. रोप खालच्या पानांपर्यंत खोल लावा, बुडख्याला नवी मुळं फुटतात. पिवळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीला. माशी दिसली की लिटरला 5 मिली निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी घालून, संध्याकाळी पानांच्या खालून फवारा.

करप्याचे बीजाणू मातीतून पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर उडतात. म्हणून बुंध्याशी पाचट किंवा वाळका पाला पसरा, झाड काठीला बांधा, जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची पानं काढून टाका आणि पाणी मुळाशीच घाला. पानावर गोल गोल वलयांचे डाग आले की ती पानं तोडा. तेवढ्याने थांबलं नाही तर कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला 2.5 ग्रॅम. आणि हो, तंबाखू मळलेल्या हातांनी झाडाला हात लावू नका, तंबाखूतला मोझॅक विषाणू हातानेही जातो.

लांबट टोमॅटोत आणखी एक घोळ होतो. फळाचा बूड काळा, चामड्यासारखा पडतो आणि लोक बुरशीनाशक मारत बसतात. हा रोगच नव्हे. पाणी कधी भरपूर, कधी कोरडं ठणठणीत, असं झालं की फळाला कॅल्शियम पोचत नाही. काळ्या मातीत कॅल्शियमची सहसा ददात नसते, त्यामुळे अंड्याची टरफलं टाकून फरक पडत नाही. कुजायलाच महिने जातात. बोटभर खोल माती ओलसर राहील असं रोज ठरल्या वेळी पाणी द्या, युरिया आवरा. पहिल्या घोसातली दोन-चार फळं गेली तर काढून टाका, पुढची बहुधा नीट येतात.