सरासरीचा रकाना

प्रिय,

तुझा तक्ता मिळाला. तीन वीज कंपन्या, प्रत्येकीपुढे सरासरी पगार आणि महिलांची टक्केवारी, आणि तळाला तुझा प्रश्न: "यातली कुठली घेऊ?" मेहनत केली आहेस हे दिसतंच, पण या तक्त्यावरून मला तरी काही सांगता येणार नाही.

आधी सरासरी बघू. हिशेबापुरत्या दोन कंपन्या धर, दोन्हीकडे शंभर-शंभर माणसं. पहिलीत २० इंजिनीअर आणि ८० लाइनमन. इंजिनीअरला १०० मिळतात, लाइनमनला ४०. सरासरी आली ५२. दुसरीत ६० इंजिनीअर, ४० लाइनमन. तिथे इंजिनीअरला ९० आणि लाइनमनला ३५. सरासरी ६८. तुझ्या तक्त्यात दुसरी वर जाऊन बसली असती, आणि तिथे तर दोघांनाही पगार कमीच आहे! तुझ्या यादीतली पहिली कंपनी पारेषणातली आहे, म्हणजे उच्च दाबाच्या तारांवरून वीज लांबवर नेणारी. थोडी माणसं, त्यात इंजिनीअर जास्त. तिसरी वितरणातली आहे, म्हणजे खांबावर चढणारे, मीटर तपासणारे, बिलाच्या तक्रारी ऐकणारे सगळे तिच्याच पटावर. यांची सरासरी शेजारी ठेवून तुला फक्त कोणाचं काम कसलं आहे ते कळतं. बरं, त्यातही एखादीने लाइनचं काम ठेकेदाराला दिलं असेल तर ती माणसं पटावरून जातात आणि सरासरी आपोआप वर चढते. कुणाला एक पैसा वाढवून न देता.

म्हणून पद धरून तुलना कर. तुला शिफ्ट इंजिनीअर व्हायचंय ना? मग तिन्हीकडे त्याच पदाचा, तेवढ्याच वर्षांच्या अनुभवाचा पगार विचार. आणि मूळ पगार, पाळीचा भत्ता, ओव्हरटाइम हे तीन आकडे वेगवेगळे माग. एकत्र सांगायला लागले तर थांबव.

ओव्हरटाइमवर जरा रेंगाळते, कारण खरी गोम तिथेच असते. कंट्रोल रूमची खुर्ची कधी रिकामी राहत नाही. आठवड्याचे तास १६८. माणसाने आठवड्याला ४० तास काम करायचं म्हटलं तर एका खुर्चीला ४.२ माणसं लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की पाच. आता जी कंपनी चारच माणसांवर भागवते, तिथे उरलेले तास त्या चौघांच्याच अंगावर पडतात. पगाराची स्लिप भरगच्च दिसते, नोकरी शोधणारा खूश होतो. मीही झाले होते. माझ्या पहिल्या नोकरीत हातात येणाऱ्या पैशांचा मोठा भाग रात्रपाळीचा आणि डबल ड्यूटीचा होता, आणि हे मला कळलं ते आजारपणात, दोन महिने साधी दिवसपाळी केल्यावर. स्लिप बघून वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाची आली.

तुझे दोन रकाने इथे एकमेकांत अडकतात. बॉस्टनच्या सार्वजनिक बस आणि रेल्वेचालकांवर एक अभ्यास झाला आहे. सगळे एकाच युनियनचे, तासाचा दर ठरलेला, बढती सेवाज्येष्ठतेने. तरीही पुरुषाच्या एका डॉलरमागे स्त्रीच्या हाती ८९ सेंट. फरक पडला तो ओव्हरटाइम कमी घेतल्याने आणि बिनपगारी रजा जास्त घेतल्याने. ऐनवेळी "थांबतोस का?" विचारलं की ज्याच्या घरी मूल सांभाळायला दुसरं कुणी आहे, तो थांबतो. वीज कंपनीत तर वादळ झालं की सगळ्यांनाच थांबावं लागतं. त्यामुळे पाळीपत्रक किती दिवस आधी लागतं आणि पाळी अदलाबदल करता येते का, हे विचारायला लाजू नकोस. हाही पगाराचाच प्रश्न आहे.

आता टक्केवारी. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकडेवारीत जगभरच्या एकूण कामगारांत स्त्रिया ३९ टक्के, पारंपरिक ऊर्जा क्षेत्रात १६. नवीकरणीय ऊर्जेत चित्र बरं आहे. आंतरराष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा संस्थेच्या २०१९च्या अहवालात ३२ टक्के, आणि २०२२च्या सौरऊर्जेवरच्या अहवालात थेट ४०. पण तोच अहवाल पुढे वाच. कार्यालयीन कामात स्त्रिया ५८ टक्के, वरिष्ठ व्यवस्थापनात १३. म्हणजे ४० हा आकडा खरा असूनही तुझ्या खुर्चीबद्दल काही सांगत नाही. तुला विचारायचंय ते असं: शिफ्टच्या पाळीत किती बायका आहेत, रिले टेस्टिंगला, म्हणजे बिघाड झाला की वीज तोडणारी यंत्रणा तपासायला किती, लाइनवर किती, आणि गेल्या पाच वर्षांत त्यातल्या किती सोडून गेल्या.

वंश, जात, अपंगत्व, वय यांनाही हीच फूटपट्टी लाव. एकूण किती यापेक्षा कुठे आहेत ते बघ.

एक गोष्ट मात्र आकड्यात सापडत नाही. मी रुजू झाले तेव्हा सबस्टेशनच्या कपाटात रबरी हातमोजे होते, सगळे एकाच मापाचे, मोठे. ते घालण्यापूर्वी मनगटाकडून गुंडाळत हवा आत कोंडायची, कानाशी धरायचा आणि कुठे फुसफुसतंय का ऐकायचं. ती तपासणी मी चोख करायची. पण वर चामडी हातमोजा चढवल्यावर माझ्या बोटांची टोकं रबरात इंचभर अलीकडेच राहायची आणि नट हातातून सुटायचा. सुपरवायझर म्हणाला, "बायकांना हे काम जमत नाही." वहीत तसंच लिहिलंही. लहान माप मागवायला वर्ष गेलं. त्या वर्षी मला फील्डचा भत्ता नव्हता. कारण उघड आहे, मी फील्डवर नव्हते.

माहिती कुठे शोधायची? ब्रिटनमध्ये २०१७पासून २५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना स्त्री-पुरुषांच्या तासाच्या पगारातली तफावत जाहीर करावी लागते, सरासरी आणि मध्यक (सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की बरोबर मधला येतो तो) दोन्ही. पगाराच्या चार थरांत कोण किती, हेही. फक्त त्या हिशेबात ओव्हरटाइम धरत नाहीत, हे ध्यानात ठेव. भारतात आघाडीच्या १००० सूचीबद्ध कंपन्यांच्या शाश्वतता अहवालात कायम आणि इतर कर्मचारी वेगळे असतात, स्त्री-पुरुषांच्या मेहनतान्याचा मध्यक असतो, आणि बाळंतपणाच्या किंवा पितृत्वाच्या रजेनंतर किती जण परत आले, किती टिकले तेही. अमेरिकेत शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या खासगी कंपन्या पदांच्या दहा गटांनुसार वंश आणि लिंगाचे आकडे सरकारला देतात, आणि काही कंपन्या तो तक्ता स्वतःहून प्रसिद्ध करतात. कुठल्याही कंपनीचा अहवाल उघडलास की हसऱ्या फोटोंची पानं उलट, तक्ता शेवटी असतो. मध्यक मिळाला तर सरासरीपेक्षा तो घे. चार साहेबांच्या पगाराने तो हलत नाही.

आणि तफावत दिसली म्हणजे लगेच "एकाच कामाला कमी पगार देतात" असं धरू नकोस. तसं असेलही. पण बहुतेकदा बायका खालच्या पदांवर अडकलेल्या असतात, आणि मग विचारायचं ते बढतीबद्दल.

उत्तर द्यायला शुक्रवारपर्यंत मुदत आहे म्हणतेस. उद्या तिन्ही ठिकाणी फोन कर आणि प्लांट किंवा सबस्टेशन बघू द्याल का ते विचार. गेलीस तर शिफ्टवरच्या एखाद्या मुलीशी दहा मिनिटं एकटीने बोल, साहेब बरोबर नकोत. कपाट उघडं असेल तर हातमोज्यांची मापंही बघून ये. मग तक्ता नव्याने कर आणि गुरुवारी रात्री पाठव, मी जागी असेन.

तुझी,
जुनी शिफ्ट इंजिनीअर