रविवारी आई नसते

‘दुसऱ्यांच्या मुलांना वळण लावता लावता माझेच मूल हातून निसटले,’ हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की ते समोरच्या माणसाच्या ओठांवर येण्याआधीच मला त्याची चाहूल लागते. शाळेतल्या शिक्षिका ते म्हणतात, संस्कारवर्ग चालवणारे म्हणतात, आणि दिवसभर परक्या लेकरांना तपासणारे डॉक्टरही म्हणतात. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण त्यांतले निम्मे जण स्वतःच उच्चारतात. उरलेल्यांना ती घरातल्या कोणीतरी आधीच ऐकवलेली असते. समुपदेशक म्हणून या सगळ्यांना मी जे सांगत आले आहे, ते सुनंदाबाईंच्या हकीकतीतून अधिक नीट सांगता येईल असे वाटते. नावे आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेले आहेत.

सुनंदाबाई मिरजेच्या. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि त्याच्या आधाराने तिथला ख्रिस्ती समाज वाढला. सुनंदाबाईंच्या घरची तिसरी पिढी त्याच परिसरात राहते. चौदा वर्षे त्या आपल्या मंडळीचे, म्हणजे चर्चच्या समुदायाचे, संडे स्कूल सांभाळतात; मुलांना रविवारी बायबल शिकवणारा हा वर्ग. मी स्वतः ख्रिस्ती नाही, त्यामुळे त्या जगातल्या पुष्कळ गोष्टी मला त्यांच्याकडूनच समजून घ्याव्या लागल्या. मुलांमध्ये आणि कुटुंबांमध्ये सेवा करणाऱ्या पुढाऱ्यांची तीन दिवसांची एक परिषद पाचगणीला भरणार होती. चर्चचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांनी त्यांचे नाव पाठवले होते, मंडळीने शुल्क भरले होते, आणि नेमके त्याच आठवड्यात त्यांच्या तेरा वर्षांच्या आशिषने ‘मी यापुढे संडे स्कूलला येणार नाही’ असे जाहीर केले होते.

‘मॅडम, परिषद कुटुंबांवर आहे आणि माझ्याच कुटुंबात ही गत. तिथे कोणत्या तोंडाने जाऊ?’ असे म्हणून त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. परिषदेला न जाण्याचे, शिवाय संडे स्कूलची जबाबदारी सोडण्याचे ते पत्र होते. परिषदेला तीन आठवडे अवकाश होता. पत्र फाडू नका आणि देऊही नका, ते पर्समध्येच असू द्या, एवढेच मी त्या दिवशी सुचवले. अपराधी वाटत असताना दिलेला राजीनामा बहुधा स्वतःला केलेली शिक्षा असते, आणि त्यातून मुलाच्या हाती काही लागत नाही. उलट ‘माझ्यामुळे आईने सोडले’ हे आणखी एक ओझे त्याच्या पाठीवर चढते.

पुढे जे घडले त्यात माझी पहिली चूक आधी सांगते. इतर अनेकांप्रमाणे मीही प्रश्न वेळेचा आहे असे धरून चालले. शनिवारची संध्याकाळ बायबलमधली वचने (ओळी) लिहिलेले तक्ते रंगवण्यात आणि रविवारची सकाळ वर्गात जात असल्यामुळे मुलाला आई मिळत नसावी, असा माझा हिशोब होता. म्हणून दर शनिवारी दोघांनी सांगलीला येऊन कृष्णेच्या घाटावर तासभर बसावे, भेळ खावी, असे ठरवून दिले. दोन शनिवार ते आले. तिसऱ्या शनिवारी आशिषने गृहपाठाचे कारण काढले. त्याला एकट्याला बोलावून विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘घाटावर पण ती विचारते, उद्याचं वचन पाठ झालं का.’

मग मी वेळ मोजणे सोडले आणि त्यांची भांडणे ऐकू लागले. कुटुंबातल्या एकट्या माणसाला ‘बिघडलेला’ ठरवण्यापेक्षा त्या घरात कोण कोणाला मध्ये घेऊन बोलते ते पाहावे, असे मानणाऱ्यांपैकी मी आहे. दोघांमधला ताण असह्य झाला की ती माणसे तिसऱ्याला मध्ये ओढतात, हे मरे बोवेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाचे निरीक्षण माझ्या खोलीत मी रोज खरे होताना पाहते. हा तिसरा कधी आजी असते, कधी धाकटी बहीण, कधी शाळेतले सर. सुनंदाबाईंच्या घरी तो कोण होता, हे ओळखायला मला उशीर लागला, याची कबुली द्यायला हवी.

‘तो ऐकत नाही तेव्हा तुम्ही शेवटी काय म्हणता?’

‘मी म्हणते, येशूला काय वाटेल याचा तरी विचार कर.’

आशिष खिडकीबाहेर पाहत होता. तो तसाच पाहत म्हणाला, ‘मी आईशी भांडलो की लगेच देव तिच्या बाजूला येऊन बसतो. दोघांशी एकट्याने कसं भांडायचं?’

या एका वाक्यात मला सगळी गुंतागुंत दिसली. मुलाची श्रद्धा गेली, असे समजून आई रात्र रात्र प्रार्थना करत होती. मुलाचे भांडण मात्र आईशी होते आणि प्रत्येक वेळी ती देवाच्या आड उभी राहत असल्यामुळे त्याचा फटका देवाला बसत होता. श्रद्धाळू घरांतल्या आईवडिलांना, ती घरे कोणत्याही धर्माची असोत, मी तेव्हापासून हेच सांगते की तुमचे भांडण तुमच्याच नावाने करा. ‘तू उशिरा आलास, मला काळजी वाटली’ हे वाक्य पुरेसे आहे. त्यात देवाची सही लागत नाही.

पुढच्या भेटीत मी आशिषला विचारले की संडे स्कूल त्याला शेवटचे कधी आवडले होते. तो बराच वेळ बुटाची लेस सोडून पुन्हा बांधत राहिला आणि मग बोलू लागला. तो सात वर्षांचा असताना वर्गात बायबलमधले तेविसावे स्तोत्र पाठ करायचे होते. मेंढपाळाचे ते स्तोत्र सहा वचनांचे आहे. आजीने दोन आठवडे, रात्री पांघरूण घालताना, एकेक वचन करून त्याच्याकडून ते म्हणून घेतले होते. वर्गात इतर मुलांप्रमाणे त्यानेही आईला ‘बाई’ म्हणायचे, असा घरचा नियम होता. त्या रविवारी त्याने स्तोत्र शेवटपर्यंत म्हटले. त्याच्यानंतर उठलेली एक मुलगी चौथ्या वचनावर अडली. बाईंनी तिची पाठ थोपटली, तिच्या हजेरीच्या कार्डावर चमकीचा तारा चिकटवला आणि आशिषकडे न पाहता ‘बस खाली’ म्हणाल्या.

‘मला वाटलं, घरी गेल्यावर देईल,’ तो म्हणाला. ‘घरी तर ती आई असते ना.’

सुनंदाबाईंचा चेहरा कोरा झाला. त्यांना तो रविवार आठवतच नव्हता. थोड्या वेळाने त्या पुटपुटल्या, ‘लोक म्हणाले असते, बाईंनी आपल्याच मुलाला तारा दिला.’

‘मग मी दुसऱ्या चर्चच्या संडे स्कूलला गेलो असतो, तर मिळाला असता.’

यानंतर खोलीत जी शांतता पसरली ती मी मोडली नाही. समजुतीचे दोन शब्द माझ्या जिभेवर आले होते. समुपदेशन करणाऱ्याला सर्वात मोठा मोह असतो तो नेमक्या अशा वेळी काहीतरी चांगले बोलण्याचा. त्या दिवशी मला तो आवरता आला, याचे समाधान मला आजही आहे, कारण पुढचे वाक्य सुनंदाबाईंनीच शोधले. त्या म्हणाल्या, ‘रविवारी तुला आई नसते.’ मुलाने मान हलवली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा, हे मला नंतर कळले, तो तिच्यासमोर रडला.

वेळ मिळत नाही या तक्रारीच्या खाली पुष्कळदा न्याय मिळाला नाही ही तक्रार दडलेली असते. शिक्षकाचे, पाळकाचे, पुढाऱ्याचे मूल दोन तराजूंत तोलले जाते. चुकला तर ‘बाईंचा मुलगा असून’ आणि जिंकला तर ‘बाईंचाच मुलगा म्हणून’. पक्षपाताचा आळ नको म्हणून आईवडील त्याच्या पारड्यातून थोडे थोडे काढून घेत राहतात, आणि त्याला नि:स्पृहता म्हणतात. मुलाच्या वहीत मात्र ती उधारी मांडलेली असते. ज्यांना असा संशय येतो, त्यांनी घरातले तास वाढवण्याआधी एक शांत प्रश्न विचारावा, ‘माझ्या कामामुळे तुझ्यावर कधी अन्याय झाला का?’, आणि उत्तर येईल तेव्हा स्वतःची बाजू मांडू नये.

आता परिषदेकडे वळते. पत्र पर्समध्येच राहिले आणि सुनंदाबाई सांगलीहून एसटीने सातारा, वाई करत पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेल्या. जाण्यापूर्वी मी त्यांना एवढेच म्हटले होते की चौदा वर्षांच्या अनुभवी प्रमुख म्हणून जाऊ नका, एक प्रश्न घेऊन आलेली आई म्हणून जा. अशा परिषदांमध्ये गाणी, हस्तकला, गोष्ट सांगण्याच्या पद्धती हे सगळे असतेच. पण अलीकडे तिथे भर मुलांना घरीच शिकवण्यावर असतो, हे त्यांनी परतल्यावर मोठ्या उत्साहाने सांगितले. रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला रविवारची शाळा चालवली ती सहा दिवस कामाला जुंपलेल्या गरीब मुलांना अक्षरओळख व्हावी म्हणून. पुढे ती शाळा धर्मशिक्षणाची झाली आणि हळूहळू घरचे कामही तिच्याकडेच सोपवले गेले. वर्षातले बावन्न रविवार, प्रत्येकी एक तास, म्हणजे ५२ तास; वर्षाचे एकूण तास ८,७६०. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली आज्ञा तर घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांशी बोलत राहा, अशी आहे, आणि ती वर्गाला उद्देशून नाही. आशिषला स्तोत्र निजताना शिकवले होते ते आजीने, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले, तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि वहीत काहीतरी लिहून घेतले.

बालसुरक्षेवरही तिथे एक सत्र झाले. मोठ्या माणसाने बंद खोलीत एकट्या मुलासोबत बसू नये, मुलांची छायाचित्रे परवानगीवाचून कुठेही टाकू नयेत, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती वा शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आपसात मिटवण्याची मुभा नाही, असे त्यात सांगण्यात आले. चर्च असो की गणेश मंडळ, मुले जमवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचून ठेवावे, असे मला वाटते.

पण मला महत्त्वाची वाटली ती दुसऱ्या दिवशीची एक लहान घटना. गटचर्चेत प्रत्येकाला आपल्या घरातला एक अनुभव सांगायचा होता. सुनंदाबाईंकडे ताऱ्याची गोष्ट तयार होती, आणि ती ऐकून सगळ्यांचे डोळे पाणावले असते, हे त्यांनाही ठाऊक होते. चहाच्या सुट्टीत त्यांनी घरी फोन लावला आणि आशिषला विचारले, ‘तुझी ती गोष्ट इथे सांगू का?’ तो म्हणाला, ‘नको.’ त्यांनी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला आणि गटात आपली पाळी आली तेव्हा ‘माझ्याकडे आज सांगण्यासारखे काही नाही’ असे म्हणून गप्प बसल्या. ज्यांना पन्नास माणसांसमोर बोलण्याची सवय आहे त्यांनाच त्या गप्प बसण्याची किंमत कळेल.

परिषदेहून परतणाऱ्यांसाठी माझा आग्रह असतो की पहिला आठवडा काहीही बदलू नये. उत्साहाने भरलेली वही घेऊन माणूस सोमवारी सकाळी घरात शिरतो आणि नव्या पद्धतीचा पहिला प्रयोग घरच्यांवर करतो. मग घरचे लोक पुढच्या परिषदेचे नाव ऐकले की धसका घेतात. सुनंदाबाईंनी महिनाभराने दोनच गोष्टी केल्या. आशिषच्या वयोगटाचा वर्ग त्यांनी दुसऱ्या शिक्षिकेकडे दिला, आणि ‘बाई’ म्हणण्याचा नियम काढून टाकला. छोट्या मंडळीत वर्ग बदलण्याची सोय नसते, हे मला माहीत आहे. तिथे नुसते ‘आई’ म्हणू देणेसुद्धा पुष्कळ आहे.

त्या परतल्या त्या रात्री आशिषने जेवताना विचारले होते, ‘मग तू काय सांगितलंस तिथे?’

‘काही नाही. गप्प बसले.’

‘सगळ्यांसमोर?’

‘सगळ्यांसमोर.’

त्याने आणखी एक भाकरी मागून घेतली, असे सुनंदाबाई म्हणाल्या.

तो संडे स्कूलला परतलेला नाही. उपासनेला येतो, वडिलांशेजारी शेवटच्या बाकावर बसतो आणि कधी कधी मध्येच उठून जातो. पत्र फाडल्याचे सुनंदाबाईंनी मला नंतर सांगितले. एकदा त्यांनी तारा देऊ केला तेव्हा ‘आता काय करू त्याचं?’ म्हणून तो हसला, पण तारा त्याने घेतला.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी दोघांचीही परवानगी घेतली. सुनंदाबाईंनी लगेच होकार दिला. आशिषने दोन दिवस मागून घेतले आणि मग निरोप पाठवला की नाव बदला, शाळेचे नाव घालू नका, पण सहाच्या सहा वचने एकदाही न अडखळता म्हटली होती, हे नक्की लिहा.