बोडोनीची नजाकत आणि आठ पॉइंटांची अडचण

प्रश्न : सांगलीत विश्रामबाग परिसरात आमचे साड्यांचे दुकान आहे. दिवाळीच्या कॅटलॉगसाठी आम्ही फॅशन मासिकांच्या मुखपृष्ठांवर असते तसे, जाड उभ्या आणि केसासारख्या बारीक आडव्या रेषांचे इंग्रजी अक्षर निवडले. मुखपृष्ठ देखणे झाले. आतील वर्णने व किमती मात्र तुटक दिसतात. छापखान्याचे काही चुकले असेल का?

उत्तर : छापखान्याला बोल लावण्यापूर्वी आतील मजकुराचा आकार पाहावा. आपण निवडलेले अक्षर बोडोनी किंवा दिदो घराण्यातले असणार. या वळणाचा पाया बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल यांनी घातला. १७५७ मध्ये प्राचीन रोमन कवी व्हर्जिलच्या काव्याची आवृत्ती छापताना त्यांनी नुसते रेखीव टाइप पाडले नाहीत, तर त्यांना झेपेल असा गुळगुळीत कागद आणि काळीभोर शाईही सिद्ध केली. पुढे पॅरिसचे दिदो कुटुंब आणि इटलीतील पार्म्याचे जांबातिस्ता बोडोनी यांनी जाड-बारीक रेषांमधील फरक टोकाला नेला. या अक्षराची नजाकत पहिल्यापासून कागदावर अवलंबून होती, ती अशी.

शिशाचे खिळे जुळवून छपाई होई, त्या काळात प्रत्येक आकारासाठी वेगळा ठसा कोरावा लागे आणि लहान आकारातील बारीक रेषा जाणकार कारागीर प्रमाणापेक्षा थोडी जाड ठेवी. बोडोनी यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नीने १८१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या टाइपांच्या नमुनाग्रंथात लहानमोठ्या आकारांची ही स्वतंत्र घडण पाहता येते. संगणकावर मात्र मुखपृष्ठासाठी रेखाटलेले अक्षर आपण खुशाल आठ पॉइंटांवर (पॉइंट हे छापील अक्षराच्या आकाराचे माप) आणतो, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. समजा, बारीक रेषेची जाडी अक्षराच्या आकाराच्या शंभराव्या भागाइतकी आहे. ७२ पॉइंटांच्या मथळ्यात ती पाऊण पॉइंटाच्या जवळपास भरते, पण ८ पॉइंटांच्या मजकुरात ०.०८ पॉइंट, म्हणजे ०.०३ मिलिमीटरही उरत नाही. ऑफसेट छपाईत पाव पॉइंटापेक्षा बारीक रेषा टाळावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्यातून मजकूर मरून किंवा तपकिरी रंगात, तीन-चार शाया एकमेकींवर चढवून छापला असेल, तर प्लेट जराशी सरकली तरी रेषेची कड फुटते. आणि गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे ठेवली असतील, तर शाई पसरून बारीक रेषा बुजून जाते.

अक्षर बदलण्याची गरज नाही. त्याच घराण्यातील लहान आकारासाठी केलेली आवृत्ती घ्यावी. न्यूयॉर्कच्या जोनाथन हॉफलर यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘हार्पर्स बझार’ मासिकासाठी दिदो रेखाटला, तो याच कारणाने ६ ते ९६ पॉइंटांपर्यंतच्या सात मापांसाठी वेगवेगळा. विनामूल्य मिळणाऱ्या ‘बोडोनी मोडा’ या फॉन्टमध्येही आकारानुसार रेषेची जाडी बदलण्याची सोय आहे. किमती एकाच शाईत, शक्यतो काळ्या रंगात छापाव्यात. जुन्या फॉन्टमध्ये २०१० साली स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह नसते. ते दुसऱ्याच फॉन्टमधून उचलले जाते आणि नजाकतदार आकड्यांशेजारी परक्यासारखे उभे राहते. एवढे तपासून घ्यावे.

प्रश्न : कराडमधील आमच्या दागिन्यांच्या दुकानाचे इंग्रजी नाव अशाच अक्षरात आहे. फलकावर मराठी नावासाठी त्याला शोभेल असे वळण कोणते?

उत्तर : इंग्रजी अक्षराची नक्कल करणारे देवनागरी शोधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रोमन अक्षरातील जाड-बारीकपणा पाश्चात्त्य टाक धरण्याच्या पद्धतीतून आला, तर देवनागरीचा बोरू उलट्या तिरकसपणाने छाटलेला असतो. त्यामुळे जाडी वेगळ्या दिशेने पडते. उभ्या रेषा ठोकळ्यासारख्या आणि बाकी सर्व केसासारखे केले, की शिरोरेषेचा आधार जातो आणि ‘ष्ट्र’, ‘द्ध’ यांसारख्या जोडाक्षरांच्या पोटातील मोकळी जागा कोंदते. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘रोझा वन’मध्ये देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपी या वळणाने एकत्र रेखाटल्या आहेत; मोठ्या आकारातील दोन-तीन शब्दांना तो शोभतो. मात्र रस्त्याच्या पलीकडून वाचायच्या फलकावर बारीक रेषा आधी दिसेनाशा होतात आणि उभ्या दांड्यांची रांग तेवढी उरते. पिवळ्या दिव्यांच्या चकाकीत तर अधिकच. तेव्हा अंतिम नमुना पूर्ण मापात छापून, समोरच्या पदपथावरून संध्याकाळी पाहावा.

प्रश्न : वाईहून प्रसिद्ध होणाऱ्या माझ्या कवितासंग्रहाचा संपूर्ण मजकूर अशा नाजूक अक्षरात लावावा का?

उत्तर : लावू नये. मॅपलिथोसारखा, चकचकीत लेप नसलेला कागद शाई शोषतो, रेषा कुठे फुगते तर कुठे तुटते, आणि वाचकाची नजर ओळीवरून सरकण्याऐवजी उभ्या रेषांच्या कुंपणात अडकते. कवितांसाठी सम जाडीचे, शांत वळण घ्यावे. नाजूक अक्षर शीर्षकपानापुरते, २४ पॉइंटांहून मोठे ठेवावे आणि त्याभोवती भरपूर मोकळी जागा सोडावी. प्रूफ पाहताना पडद्यावर समाधान मानू नये. ज्या कागदावर पुस्तक छापायचे, त्याच कागदावर एक पान मागवून घ्यावे.