बेसबॉलच्या सराव सामन्यांचा निकाल धरतच नाहीत, मग लोक विमानाने जाऊन ते बघतात कशाला?

अगदी हाच प्रश्न माझ्या बाबांनी मला विचारला होता. ॲरिझोनातलं मेसा गाव, स्लोन पार्क स्टेडियम, आउटफिल्डच्या मागचा हिरवळीचा उतार, त्यावर अंथरलेली सोलापुरी चादर. सहावी इनिंग (बेसबॉलच्या नऊ फेऱ्यांतली सहावी) चालू होती. बाबांनी तिसऱ्यांदा स्कोअर विचारला आणि मी तिसऱ्यांदा म्हटलं, "काही फरक पडत नाही हो." तेव्हा ते वैतागून म्हणाले, "मग तो एवढा मोठा बोर्ड लावलाय कशाला?"

बाबांनी सांगलीत वर्षानुवर्षं क्लब क्रिकेटची अंपायरिंग केली आहे. निकाल नसलेली मॅच ही कल्पनाच त्यांच्या पचनी पडेना. त्यात ती मॅच नऊ इनिंगनंतर बरोबरीत सुटली आणि सगळे आपापली टोपी उचलून घरी निघाले. सीझनमध्ये बरोबरी चालत नाही, निकाल लागेपर्यंत खेळतात. पण सरावात नऊ झाल्या की खेळ खल्लास. "पैसे मोजून आलोय आपण," हे वाक्य त्या दिवशी मी हॉटेलवर पोहोचेपर्यंत ऐकलं.

माझी बाजू सांगते. मी शिकागोच्या उपनगरात राहते आणि शिकागो कब्ज या इथल्या बेसबॉल संघाची चाहती आहे. इथल्या फेब्रुवारीत सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना बोटं बधीर होतात, आणि त्याच सुमारास बातमी येते: पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (बॅटरच्या मागे तो झेलणारे) मेसाला हजर झाले. बाकीचे खेळाडू चार-पाच दिवसांनी येतात. एवढ्या एका बातमीवर आमच्या ऑफिसातली माणसं हसरी होतात. बाहेर उणे दहा, आणि फोनवर अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून उन्हात चेंडू फेकणारी पोरं. तेव्हा लोक मेसाला जातात यात ऊन हा मोठा भाग आहे, ते लपवण्यात अर्थ नाही.

पण नुसत्या उन्हासाठी जायचं तर फ्लोरिडाचा समुद्र आहे. (तिथेही पंधरा संघ सराव करतात, उरलेले पंधरा ॲरिझोनात फिनिक्सच्या आसपास.) मी जाते ती सकाळसाठी. दुपारच्या मॅचला तिकीट असतं आणि मजा सकाळी असते.

स्टेडियमला लागूनच सरावाची मैदानं आहेत. तारेच्या जाळीला नाक लावून उभं राहिलं की खेळाडू दहा फुटांवर. मला सगळ्यात आवडते ती पिचरांची एक कवायत. पिचर उंचवट्यावरून चेंडू टाकल्यासारखं करतो; कोच लांब, सडपातळ बॅटने दुसराच चेंडू पहिल्या बेसकडे (बॅटरला धावत गाठायचा पहिला टप्पा) टोलवतो; तिथला फील्डर तो अडवायला पुढे आलेला असल्यामुळे बेस मोकळा, म्हणून पिचरने धावत जाऊन बेस गाठायचा, पळता पळता चेंडू झेलायचा आणि बॅटरच्या आधी पाय टेकवायचा, की बॅटर बाद. संपलं. मग रांगेतला पुढचा. मग पुन्हा पहिला. कोट्यवधी डॉलर घेणारे बाप्ये शाळेतल्या पीटीसारखे रांगेत उभे, आणि एखाद्याचा पाय बेसवर चुकीच्या बाजूला पडला की बाकीचे खिदळतात.

ही कवायत किती कंटाळवाणी आहे ते विचारू नका, पण 2024 ची वर्ल्ड सीरिज, म्हणजे अंतिम मालिका, आठवा. पाचवा सामना, न्यूयॉर्क यांकीज लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध 5-0 ने पुढे, पाचवी इनिंग, दोन बाद (तिसरा बाद झाला की इनिंग संपते). डॉजर्सच्या मुकी बेट्सने पहिल्या बेसकडे साधा सरपटी चेंडू मारला. अँथनी रिझोने तो उचलला (हा पूर्वी कब्जकडे खेळलेला आमचा रिझो, म्हणून जास्त लागलं) आणि बघतो तर बेसवर कुणीच नाही. पिचर गेरिट कोल धावलाच नव्हता. इनिंग संपायची ती लांबली, डॉजर्सनी पाच रन्स करून बरोबरी साधली, सामना 7-6 ने जिंकला आणि चषक घेऊन गेले. फेब्रुवारीत शेकडो वेळा केलेली गोष्ट ऑक्टोबरमध्ये एकदा राहिली. बाबांना मी हे जाळीपाशी उभं राहून सांगितलं. त्यानंतर अर्धा तास ते तिथून हलले नाहीत, आणि प्रत्येक पिचरच्या पायाकडे बघून "गेला", "नाही गेला" असा निकाल देत राहिले.

आता दुपारच्या मॅचचं. सुरुवातीचा पिचर पहिल्या वेळी एखाद-दोन इनिंगच टाकतो, पाच दिवसांनी थोडं जास्त, असं करत मार्चअखेर पाच-सहा इनिंगपर्यंत येतो. खांदा आणि कोपर हळूहळू तयार करावं लागतं, म्हणूनच तर पिचरांना आधी बोलावतात. हिवाळाभर थांबलेला वेगवान गोलंदाज पहिल्याच दिवशी नेटमध्ये पूर्ण ताकदीने टाकायला लागला तर काय होतं, ते बाबांना सांगावं लागलं नाही. शिवाय हा पिचर त्या दिवशी बॅटरला बाद करायला आलेला असेलच असं नाही. हिवाळ्यात शिकलेला नवा चेंडूच तो पुन्हा पुन्हा टाकून बघत असतो. बॅटरला ते कळलं की होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा कुंपणापार फटका. पेपरात छापून येतं, अमक्याची तुफान फटकेबाजी. त्यात तुफान वगैरे काही नसतं.

एका मार्चमध्ये मी असल्याच फटकेबाजीला भुलून एका नवख्या पोराची जर्सी विकत घेतली. जूनमध्ये तो परत आयोवात, म्हणजे आमच्या खालच्या संघात. जर्सी अजून आहे, गाडी धुताना घालते.

पाचव्या इनिंगनंतर मोठी नावं एकेक करून अंघोळीला जातात आणि पाठीवर सत्तर-ऐंशीच्या घरातले नंबर घेतलेली मंडळी येतात. इथे आपला जत्रेचा हिशोब लागू पडतो: हौशे, नवशे आणि गवशे. हौशे म्हणजे पक्के खेळाडू, त्यांची जागा ठरलेली, ते अंग मोकळं करायला आलेत. नवशे म्हणजे विशी-बाविशीतली पोरं, एकदा तरी मोठ्या संघात नाव लागू दे म्हणून आलेली. आणि गवशे म्हणजे पस्तिशीला टेकलेले, तीन संघांनी सोडलेले, कुठे एखादी रिकामी जागा गवसते का बघणारे. सीझन सुरू होताना संघात सव्वीसच जण राहतात. कॅम्पला त्याच्या दुपटीहून जास्त असतात. आणि पगार सीझन सुरू झाल्यावरच, सरावात फक्त भत्ता. म्हणजे सातव्या इनिंगमध्ये बोर्डावर काय लिहिलंय याला किंमत नसली, तरी त्या क्षणी बॅट घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं बरंच काही पणाला लागलेलं असतं. मी ती माणसं बघायला जाते.

तरी भाबडेपणा नको. चांगलं खेळलं की जागा मिळते असंही नाही. 2015 च्या सरावात आमच्या क्रिस ब्रायंटने नऊ होमरन मारले, सगळ्या संघांत सर्वांत जास्त. आणि कब्जनी त्याला आयोवाला धाडलं. कारण काय दिलं, तर तिसऱ्या बेसवरची फील्डिंग अजून सुधारायला हवी! खरी गोम नियमात होती. सीझनमध्ये 172 दिवस मोठ्या संघात काढले की एक वर्ष पूर्ण धरतात, आणि अशी सहा वर्षं भरली की खेळाडू कुठेही जायला मोकळा. ब्रायंटला 17 एप्रिलला बोलावलं. वर्षाअखेर त्याचे दिवस भरले 171. एका दिवसाने संघाने त्याचं अख्खं वर्ष पदरात पाडून घेतलं. फील्डिंग दोन आठवड्यांत कशी काय सुधारली ते देव जाणे. त्याने दाद मागितली, 2020 मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध गेला. पुढे 2022 च्या करारात थोडी दुरुस्ती झाली: नवोदितांच्या पुरस्कारात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्ष मिळतं. ब्रायंटने तो पुरस्कार त्याच वर्षी जिंकला होता, पण त्याच्या काळात ही सोय नव्हती. मी संघाची कट्टर, पण या बाबतीत माझं मत आजही तेच: शेंडी लावली पोराला.

बरं, सराव सामन्यांच्या निकालावरून सीझनचं भाकीत करू पाहणाऱ्यांसाठी एवढंच सांगते. 2016 च्या मार्चमध्ये कब्ज जिंकण्यापेक्षा हरलेच जास्त. मग सीझनमध्ये 103 सामने जिंकले आणि 108 वर्षांनी वर्ल्ड सीरिज घेतली. त्या कॅम्पमधला एकही स्कोअर मला आठवत नाही. एक दिवस मात्र पक्का आठवतो, 25 फेब्रुवारी. आदल्या वर्षी कब्जकडे खेळलेला डेक्स्टर फाउलर बाल्टिमोरच्या संघात गेल्याची बातमी सगळ्यांनी पक्की धरली होती, आणि सराव चालू असताना हा गडी मेसाच्या मैदानावर चालत आला. खेळाडूंनाही पत्ता नव्हता. नोव्हेंबरात सातव्या, शेवटच्या सामन्यात कब्जचा पहिलाच बॅटर म्हणून होमरन मारला तो त्यानेच.

या सरावाची प्रथा कशी रुळली तेही गमतीचं आहे, आणि त्यातही आमचाच संघ. 1886 मध्ये संघाचा कर्णधार कॅप ॲन्सन आपल्या शिकागोच्या खेळाडूंना आर्कान्सातल्या हॉट स्प्रिंग्जच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर घेऊन गेला. उद्देश साधा होता: हिवाळाभर ढोसलेली बिअर घामावाटे बाहेर काढणे. त्या वर्षी ते लीगचे विजेते ठरले. हा ॲन्सन काळ्या खेळाडूंविरुद्ध मैदानात उतरायला नकार देणाराही होता, त्यामुळे त्याचे गोडवे गायला जीभ रेटत नाही. पुढे चुइंग गमवाले रिगली संघाचे मालक झाले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळचं कॅटलिना बेट त्यांच्याच ताब्यात होतं, म्हणून 1921 पासून 1951 पर्यंत, युद्धाची आणि आणखी काही वर्षं सोडून, कब्जचा सराव बेटावर. 1937 मध्ये आयोवातल्या रेडिओवर कब्जच्या सामन्यांचं वर्णन करणारा एक तरुण संघाबरोबर तिकडे गेला, मधल्या वेळात हॉलिवूडमध्ये कॅमेऱ्यासमोर चाचणी देऊन आला आणि नट झाला. त्याचं नाव रोनाल्ड रेगन. म्हणजे सरावाला गेलेला माणूस आयोवालाच परत येतो असं काही नाही.

खेळाचे नवे नियमही आधी इथेच घासून बघतात. 2025 च्या सरावात बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला (चेंडू बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीतून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल) आव्हान द्यायची सोय आली: पिचर, कॅचर किंवा बॅटरने आपल्याच डोक्यावर टपली मारायची, मग कॅमेरे ठरवणार. पहिलं आव्हान कब्जच्याच कोडी पोटीटने डॉजर्सविरुद्ध दिलं आणि बॉलचा स्ट्राइक झाला. 2026 पासून ते मोठ्या सामन्यांतही आलं. बाबांना फोनवर सांगितलं तर अंपायरची बाजू घेऊन दहा मिनिटं बोलले. मी ऐकून घेतलं.

तुम्ही कधी गेलात तर एवढं करा: सकाळी लवकर मैदानाशी पोहोचा, टोपी आणि पाणी बरोबर असू द्या (ॲरिझोनाचं ऊन कोरडं असतं, भाजल्याचं रात्री कळतं), आणि शेवटच्या तीन इनिंग सोडून पार्किंगकडे पळू नका.

त्या बरोबरीच्या मॅचमध्ये आठव्या इनिंगला एका ऐंशीच्या घरातल्या नंबरवाल्याने आमच्या चादरीसमोरच कुंपणावर आदळून कॅच घेतला होता. टाळ्या वाजवल्या त्या आम्ही दोघांनी आणि शेजारच्या आजींनी. बाकी लोक तेव्हा हॉट डॉगच्या रांगेत होते. बाबा एप्रिलमध्ये परत गेले. मेमध्ये सांगलीहून फोन आला, तब्येत-पाणी झालं आणि मग, "अगं, तो कुंपणावर आदळलेला पोरगा कुठे आहे?"

मी शोधलं. त्याला मार्च संपायच्या आतच मोकळं केलं होतं.

"मोकळं केलं म्हणजे काढला?"

"हो."

"आणि तू म्हणत होतीस, काही फरक पडत नाही."